तुळिंजच्या बाजारांतील मराठी

बारा कोसांवर भाषा बदलते, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती रूढ झाली त्या काळीं माणसें पायीं किंवा बैलगाडीनें प्रवास करीत, आणि बारा कोस म्हणजे चांगला दिवसभराचा रस्ता असे. वाचकांपैकीं ज्यांना या म्हणीची प्रचीति थोड्या श्रमांत घ्यावयाची असेल, त्यांनीं एखाद्या रविवारीं सकाळीं विरारकडे जाणाऱ्या गाडींत बसून नालासोपारा स्टेशनावर उतरावें, पूर्वेच्या बाजूनें बाहेर पडून तुळिंजच्या रस्त्यास लागावें आणि अर्धी घटका भाजीबाजारांत कान उघडे ठेवून उभें राहावें. बारा कोसांचें अंतर तेथें बारा पावलांत तुटतें.

तुळिंज हें वसई तालुक्यांतील मूळचें खेडें. हा तालुका पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत मोडत असे; १ ऑगस्ट २०१४ पासून तो नव्या पालघर जिल्ह्यांत गेला. त्याच्या आधीं, २००९ सालीं, येथील नगरपालिका व आसपासचीं अनेक गांवें एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली होती. विरारहून मुंबईकडे उपनगरी गाडी प्रथम सुटली ती १८६७ सालीं. तेव्हांपासून लोहमार्गानें या प्रदेशाचे जणुं दोन भाग केले. पश्चिमेस समुद्रापर्यंत केळी, भाजी व पानवेलींच्या वाड्या, जुनीं तळीं, देवळें आणि चर्चें. पूर्वेस तुंगारेश्वराच्या डोंगरांपर्यंत भातखाचरें व रान. आज पूर्वेकडील त्या खाचरांच्या जागीं चाळी व इमारती इतक्या दाटीनें उभ्या आहेत कीं, मूळचें गांव कोठें होतें हें दाखवावयास जुन्या रहिवाशासच बरोबर घ्यावें लागतें. आम्हांस तसे एक शिक्षक स्नेही लाभले. त्यांच्या घरीं दोन दिवस राहून आम्हीं जें ऐकलें आणि त्यानिमित्तानें जें वाचून पडताळलें, तें येथें सांगावयाचें आहे.

प्रारंभ गांवाच्या नांवापासूनच करूं. रिक्षावाला ‘तुलिंज’ म्हणतो, आमचे स्नेही ‘तुळिंज’ म्हणतात, आणि पाट्यांवर ऱ्हस्वदीर्घाचे दोन्ही प्रकार दिसतात. ‘ळ’ चा ‘ल’ ऐकतांच आपण मनाशीं म्हणतों, हा परप्रांतीय असावा. प्रमाण हिंदींत ‘ळ’ नाहीं, ही गोष्ट खरी. गुजराती व राजस्थानी लोकांस मात्र तो आपल्यासारखाच येतो. परंतु उत्तर कोंकणांतील आगरी बोलींतही ‘डोळा’ चा ‘डोला’ होतो, ‘पाणी’ चें ‘पानी’ होतें, आणि ‘गाडी’ ची ‘गारी’ व ‘घोडा’ चा ‘घोरा’ होतो. आगरी लोक तर या भूमीचे पिढ्यान्‌पिढ्यांचे रहिवासी. तेव्हां नुसत्या एका वर्णावरून कोण घरचा व कोण बाहेरचा हें ठरवूं पाहणारा मनुष्य तुळिंजच्या रस्त्यावर पहिल्याच वळणास चुकेल.

बाजारांत शिरल्यावर तर ऐकावें तेवढें थोडें. पश्चिमेकडील वाड्यांतून भाजी व केळीं घेऊन बाया येतात. अर्नाळ्याच्या बाजूनें कोळणी मासळीच्या पाट्या आणतात. डोंगराकडून वारली बाया रानभाज्या घेऊन बसतात. घेणारांत मालवणचे चाकरमानी आहेत, साताऱ्याकडचे आहेत, खानदेशांतून व वऱ्हाडांतून नोकरीनिमित्त आलेले आहेत. या सर्वांची भाषा मराठीच. पण एक लहानसा शब्द घ्या. देशावरील मनुष्य ‘मला’ म्हणतो. मालवणी मनुष्य ‘माका’ म्हणतो. वऱ्हाडी ‘मले’ म्हणतो. अहिराणी बोलणारा ‘माले’ म्हणतो. आणि येथील आगरी-कोळी माणसाच्या तोंडीं ‘मना’ येतें. शेजारच्या गुजरातींतील ‘मने’ या रूपाशीं तें ताडून पाहिलें म्हणजे कोणत्या सीमेवर आपण उभे आहों हें ध्यानांत येतें. गंमत पुढेंच आहे. अहिराणींतही ‘मना’ हा शब्द आहे. पण तेथें त्याचा अर्थ ‘माझा’. म्हणजे धुळ्याकडील मनुष्यानें ‘मना भाऊ’ म्हटलें, तर तो आपल्या भावाविषयीं बोलत असतो. आणि कोळी मनुष्य ‘मना’ म्हणाला, तर त्यास स्वतःस कांहींतरी हवें असतें! दोघेही एकाच ओट्यापुढें उभे राहून मासळीचा भाव करीत असतात, आणि एकमेकांस व्यवस्थित समजतात.

येथेंच घडलेला एक लहानसा प्रसंग सांगितला पाहिजे. पश्चिमेकडील एका गांवाहून आलेली एक वृद्ध बाई मेथीच्या जुड्या मोजून देत होती. तिच्याजवळ तिचा दहा-अकरा वर्षांचा नातू शाळेच्या सुट्टीमुळें मदतीस बसला होता. ‘तीन’ पर्यंत तिची मोजणी आपल्यासारखीच चालली. पुढें ‘चार’ चा ‘सार’ झाला, ‘पांच’ चा ‘पास’ झाला, आणि ‘सात’ च्या जागीं तिनें ‘हात’ म्हटलें. आमच्या सौ. नीं क्षणभर तिच्या हाताकडे पाहिलें. तेवढ्यांत नातू ओशाळून म्हणाला, “आजी, सात म्हण ना. लोक हंसतात.” कोणी हंसलें नव्हतें. परंतु त्या बाईनें पुढील जुड्या तोंडानें मोजल्या नाहींत, बोटांनीं मोजल्या.

तो मुलगा वाईट नव्हता. शाळेंत जें शुद्ध म्हणून शिकविलें जातें तें आपल्या आजीस येत नाहीं, याची त्यास लाज वाटत होती, आणि आजीचें हंसें होऊं नये अशीच त्याची इच्छा होती. पण तिचें बोलणें चुकीचें होतें काय? भाषाशास्त्रज्ञास विचारलें तर तो सांगेल, कीं त्यांत चूक नव्हती, नियम होता. वसईच्या पश्चिमेकडील वाडवळी व सामवेदी वळणाच्या बोलींत ‘स’ चा ‘ह’ होतो आणि ‘च’ चा ‘स’ होतो. हा बदल लहरीनें होत नाहीं. एका वर्णाबाबत ठरलेल्या रीतीनें होतो. थोडा विचार केला तर त्यांतून इतिहासही निघतो. समजा, आधीं ‘चार’ चा ‘सार’ झाला असता आणि मागाहून ‘स’ चा ‘ह’ करण्याची प्रवृत्ति आली असती, तर ‘सार’ चा ‘हार’ व्हावयास पाहिजे होता. तसें झालेलें नाहीं. यावरून ‘स’ आधीं, किंवा निदान त्याच सुमारास, आपली जागा सोडून गेला. आणि त्या मोकळ्या जागेंत ‘च’ येऊन बसला, असें अनुमान निघतें. ज्याची कोठेंही नोंद नाहीं असा घटनाक्रम त्या बाईच्या सहज मोजणींत सांठविलेला होता.

‘स’ चा ‘ह’ होणें ही गोष्टही अडाणीपणाची म्हणावी तर मोठीच अडचण येते. संस्कृतांतील ‘सप्त’ तोच फारशींत ‘हफ्त’. त्यावरूनच आपला ‘हप्ता’ आला. ‘सिंधु’ चा इराणी उच्चार ‘हिंदु’ झाला, आणि तो शब्द आपण आज स्वतःच्या नांवासारखा वापरतों. दक्षिण गुजराथेंतील सामान्य लोक ‘सारुं’ यास ‘हारुं’ म्हणतात. ज्या उच्चारानें एका राष्ट्रास नांव दिलें, तो भाजीवालीच्या तोंडीं मात्र हास्यास्पद ठरावा, यास न्याय म्हणतां येत नाहीं.

ज्या घरांत संस्कृत व्याकरणाचा आदर आहे त्या घरांत हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या भगवान् पतंजलींनीं महाभाष्याच्या आरंभींच देशोदेशींच्या बोलण्याची नोंद केली आहे. जाणें या अर्थीं कंबोज देशांत एक धातु, सुराष्ट्रांत ‘हम्म्’, पूर्वेकडे ‘रंह्’ आणि आर्यांत ‘गम्’ असा भेद ते दाखवितात. गाय या अर्थाच्या ‘गौः’ या एका शब्दाचीं गावी, गोणी, गोता, गोपोतलिका अशीं लोकांतील रूपें ते देतात. तीं त्यांच्या मतें अपशब्द होत. पण अपशब्द म्हणून कां होईना, त्यांनीं तीं टिपून ठेविलीं म्हणूनच बावीसशें वर्षांपूर्वीं सामान्य माणसें गाईस काय म्हणत हें आज आपणांस कळतें. निंदा करणाऱ्यानेंही नोंद केली, तर ती पुढील पिढ्यांच्या उपयोगीं पडते.

दुसरा पुरावा तर तुळिंजच्या हाकेवर आहे. लोहमार्गापलीकडचें सोपारें म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तेथें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं स्तूपाचें उत्खनन केलें, आणि सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा उजेडांत आणला. पुढें १९५६ सालीं भुईगांव येथें नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. अशोकाचे हे लेख एकाच राजाचे, एकाच आशयाचे. परंतु ते सर्वत्र एकाच भाषेंत कोरलेले नाहींत. गिरनारच्या लेखांत ‘राजा’ आहे, तर ओरिसांतील धौलीच्या लेखांत तोच शब्द ‘लाजा’ असा आहे. भरतखंडाच्या फार मोठ्या भागावर हुकमत चालविणाऱ्या सम्राटासही आपला धर्म सांगावयाचा होता तेव्हां त्या त्या प्रांताच्या जिभेस मान द्यावा लागला. कोणा अधिकाऱ्यानें धौलीच्या लोकांस ‘राजा म्हणा, लाजा नको’ म्हणून दटावल्याचें ऐकिवांत नाहीं.

पुढें १५३४ पासून १७३९ पर्यंत, चिमाजी आप्पांनीं वसई जिंकीपर्यंत, हा प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यांत होता. पगार, लिलाव, चावी, घमेलें, बटाटा हे शब्द त्यांच्याकडून आले व मराठीच्या घरांत असे मिसळले कीं, आज ते परके आहेत हें सांगूनही खरें वाटत नाहीं. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, सतराव्या शतकांत एका पोर्तुगीज मिशनऱ्यानें उत्तर कोंकणच्या बोलीचें व्याकरण लिहिलें. तें हस्तलिखित गोव्यांत कुन्हा रिव्हारा यांनीं १८५८ सालीं प्रथम छापलें. दादोबा पांडुरंगांचें मराठी व्याकरण निघालें १८३६ सालीं. म्हणजे ज्या बोलीस आपण व्याकरण नाहीं म्हणतों, तिचें व्याकरण आपल्या प्रमाण मराठीच्या शालेय व्याकरणाआधीं सुमारें दोनशें वर्षें लिहिलें गेलें होतें.

या बोली धर्म पाहून वागत नाहींत, हेंही येथें नमूद करावेंसें वाटतें. सामवेदी किंवा कादोडी बोली सामवेदी ब्राह्मणांच्या घरीं चालते, आणि पिढ्यांपूर्वीं ख्रिस्ती झालेल्या त्यांच्या शेजाऱ्यांच्या घरींही चालते. देव्हारा बदलला, नांवें बदललीं. चुलीपाशींची भाषा तीच राहिली. याच भागांतील नंदाखाल गांवचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे २०२० सालीं धाराशीव (तेव्हांचें उस्मानाबाद) येथें भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. घरीं बोली आणि ग्रंथांत प्रमाण मराठी, या दोहोंत वैर नाहीं, याचें याहून बोलकें उदाहरण कोणतें?

बोलींचा शास्त्रीय अभ्यास युरोपांतही फार जुना नाहीं. जर्मनींत व्हेंकर नांवाच्या विद्वानानें १८७६ सालीं बेचाळीस वाक्यें गांवोगांवच्या मास्तरांकडे पाठवून ‘तुमच्याकडे हें कसें म्हणतात तें लिहा’ अशी विनंती करण्यास प्रारंभ केला. फ्रान्समध्यें झिलियेराँ या पंडितानें एदमाँ नांवाच्या तीक्ष्ण कानाच्या गृहस्थास गांवोगांव पाठविलें. त्यानें १८९७ ते १९०१ या काळांत सहाशेंहून अधिक ठिकाणें पालथीं घातलीं. अशा माहितीवरून नकाशे काढतात. एका शब्दाचें रूप जेथें संपतें व दुसरें सुरू होतें, तेथें रेघ ओढतात. नवल असें कीं, या रेघा क्वचितच एकमेकींवर बसतात. ‘मला’ ची रेघ एकीकडून जाते, ‘ळ’ ची दुसरीकडून. म्हणून एक बोली येथें संपली व दुसरी लागली, असें बोट ठेवून दाखवितां येत नाहीं. बारा कोसांची म्हण या दृष्टीनें थोडी ढोबळ आहे. भाषा कोसाकोसानें, शब्दाशब्दानें बदलत असते.

आपल्या देशांत हें काम जॉर्ज ग्रिअर्सन यांनीं केलें. त्यांच्या भारतीय भाषांच्या पाहणींत १७९ भाषा व ५४४ बोली नोंदल्या गेल्या आणि तें कार्य १९२८ सालीं पुरें झालें. मराठीचा सातवा खंड १९०५ सालीं निघाला. बायबलांतील उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक बोलींत सांगवून नमुने जमविण्याची त्यांची रीत होती. त्या खंडांत कोळी, आगरी, किरिस्तांव, वाडवळ, फुडगी, सामवेदी, वारली, कातकरी अशीं आपल्या या लहानशा पट्ट्यांतील बोलींचीं नांवें ओळीनें आढळतात. पुढें १९६० नंतर डॉ. अमृत माधव घाटगे यांनीं मराठीच्या बोलींवर पुस्तकांची मालिका लिहिली. तींत ठाण्याकडील वारलीवरही एक ग्रंथ आहे. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें राज्य मराठी विकास संस्थेच्या साह्यानें २०१७ पासून गांवोगांव ध्वनिमुद्रणें करून बोलींचे नकाशे तयार करण्याचें काम हातीं घेतलें.

इतकें असतांही तुळिंजसारख्या ठिकाणीं काळजी वाटावी अशी स्थिति आहे. वाड्यांवर इमारती उठल्या म्हणजे वाडींतील शब्दही बेघर होतात. पाटाच्या पाण्याचे, केळीच्या जातींचे, जाळ्याच्या प्रकारांचे, भाताच्या वाणांचे शब्द ज्या वस्तूंवर जगतात त्या वस्तूच नाहींशा झाल्यावर ते कशावर जगणार? पण वस्तु गेल्यानें जितके शब्द मरतात, त्याहून अधिक लाजेनें मरतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ मार्थाज् व्हिन्यर्ड नांवाचें बेट आहे. तेथें उन्हाळ्यांत श्रीमंत पाहुण्यांची गर्दी लोटते. विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञानें १९६३ सालीं दाखवून दिलें कीं, जे तरुण बेटावरच राहूं इच्छीत होते, त्यांच्या तोंडीं तेथला जुना उच्चार मावळण्याऐवजीं अधिकच ठळक झाला होता. जे बेट सोडूं पाहत होते, त्यांच्या तोंडून तो जात होता. बाहेरच्या गर्दीनें बोली मरतेच असें नाहीं. आपलें तें आपलें, असा अभिमान असला तर ती गर्दींतही तग धरते.

येथें आपल्याच घरांकडे वळणें प्राप्त आहे. रत्नागिरीकडील चित्पावन कुटुंबांची चित्पावनी नांवाची स्वतंत्र बोली होती. ग्रिअर्सन यांच्या खंडांत तिचेंही वर्णन आहे. तिचे सानुनासिक उच्चार व प्रत्यय पुण्याच्या भाषेपेक्षां निराळे होते. इंग्रजी शिक्षण, सरकारी नोकरी आणि पुण्याच्या भाषेची प्रतिष्ठा यांमुळें हीं घरें ती बोली सोडीत गेलीं. आज ती बोलणारीं कुटुंबें मुख्यत्वें गोव्यांत व त्याच्या दक्षिणेस तुरळक उरलीं आहेत. तिला कोणी बंदी केली नव्हती. शिकलेल्या नातवंडांसमोर वडील माणसें ती बोलेनाशीं झालीं, एवढेंच. मेथीच्या जुड्या बोटांनीं मोजण्याची पाळी आपल्या घरांतील आज्यांवर फार पूर्वींच येऊन गेली.

याचा अर्थ प्रमाण भाषा टाकून द्यावी, असा नव्हे. पालघरच्या विद्यार्थ्याचा अर्ज चंद्रपुरास वाचतां यावा, कोल्हापुरांत छापलेलें पुस्तक नागपुरास समजावें, यासाठीं एक सामाईक भाषा पाहिजेच, आणि ती मुलांना नीट आलीच पाहिजे. परंतु कचेरींत जाण्याचा पोषाख निराळा म्हणून घरच्या धोतरास कोणी अपवित्र म्हणत नाहीं. मुलास ‘सात’ शिकवावें. त्याबरोबर ‘तुझी आजी हात म्हणते, तेंही एका नियमानें म्हणते’ हेंही शिकवावें. एवढें एक वाक्य गुरुजींनीं वर्गांत उच्चारलें, तर लाज व अभिमान यांतील अंतर तुटेल. आमच्या स्नेह्यांनीं आपल्या वर्गांत हा प्रयोग चालविला आहे. मुलांनीं घरीं जाऊन ‘मला’, ‘कोठें’, ‘मुलगा’ या तीन शब्दांस आजी-आजोबा काय म्हणतात तें विचारून आणावयाचें. मुलें उत्साहानें वह्या भरून आणतात, असें ते सांगतात.

हें काम मोठ्या घरांत अधिक चांगलें होईल, म्हणून या मासिकाच्या वाचकांस आमची विनंती आहे. ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात, तेथें एक जाड वही घालावी. आजीस, आत्यास, लग्न होऊन दूरच्या गांवाहून आलेल्या सुनेस विचारावें: माहेरीं या भांड्यास काय म्हणत? पहिल्या पावसास, उरलेल्या भातास, रांगणाऱ्या मुलास काय म्हणत? उत्तर मिळेल तें ऐकूं आलें तसेंच लिहावें. सुधारून लिहूं नये. शेजारीं बोलणाऱ्याचें गांव, वय व तारीख टिपावी. आतां घरोघर फोन आहे. त्यांत आवाजही सांठवितां येतो, आणि कागदावर न उतरणारा स्वर त्यांत राहतो. घरीं कामास येणाऱ्या बाईस, भाजीवालीस, मासळीवालीसही विचारावें. मात्र परीक्षकाच्या नव्हे, शिष्याच्या भावनेनें विचारावें.

३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला, तेव्हां आपण पेढे वांटले. तें योग्यच झालें. परंतु ज्या प्राचीनतेबद्दल हा मान मिळाला, ती ग्रंथांत आहे तशी बाजारांतही आहे. ग्रंथ जपण्यास ग्रंथालयें समर्थ आहेत. बोलणारीं माणसें मात्र वृद्ध होत आहेत, आणि त्यांस विचारण्याचें काम घरच्यांनींच केलें पाहिजे. तेंही तीं अजून तोंडानें मोजीत आहेत तोंवर.